प्रॉम्प्टलेखनाचे अध्यापन

चॅटजीपीटी, जेमिनी यांसारख्या निर्मितीक्षम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांना द्यावयाची लेखी सूचना कशी लिहावी, मिळालेले उत्तर कसे तपासावे आणि त्या तपासणीच्या आधारे मूळ सूचना कशी सुधारावी, हे विद्यार्थ्यांना शिकविणे म्हणजे प्रॉम्प्टलेखनाचे अध्यापन होय. अशा सूचनेला 'प्रॉम्प्ट' म्हणतात. हा विषय बहुधा संगणकाच्या तासिकेत टाकला जातो. वस्तुतः त्याचा मोठा भाग भाषाशिक्षणाचा आहे, कारण आपल्याला नेमके काय हवे आहे हे ठरविणे, ते संदिग्धता न ठेवता लिहिणे आणि समोर आलेला मजकूर चिकित्सकपणे वाचणे ही तिन्ही भाषेची कामे आहेत.

या लेखातील उदाहरणे मुख्यतः बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ आणि तिच्या परिसरातील आहेत. ज्या विषयाची विद्यार्थ्याला स्वतःला काही माहिती आहे, त्याच विषयावर या लेखनाचा सराव सुरू करणे हिताचे असते. आपल्या गावाविषयी यंत्राने केलेली चूक विद्यार्थी चटकन पकडतो. दूरच्या विषयावरील तीच चूक तो वहीत उतरवून घेतो.

संज्ञा

'प्रॉम्प्ट' हा शब्द मराठी समाजाला अगदीच अपरिचित नाही. विंगेत संहिता घेऊन उभा राहणारा आणि नट अडखळताच पुढचा शब्द हलक्या आवाजात पुरविणारा 'प्रॉम्प्टर' नाट्यरसिकांच्या ओळखीचा आहे. संगणकाच्या संदर्भातही हा शब्द बऱ्याच अंशी सार्थ ठरतो, कारण दिलेल्या शब्दांचे बोट धरून यंत्र पुढचे शब्द जुळवीत जाते. फरक असा की, नाटकातील नटाने संहिता आधीच पाठ केलेली असते. येथे पाठ केलेली संहिता नसते. प्रॉम्प्टर जेवढे आणि जसे सांगेल त्यावर नाटकच बदलते.

मराठीत 'सूचना', 'पृच्छा' असे पर्याय वापरता येतात. 'आज्ञावली' हा शब्द संगणकाच्या प्रोग्रामसाठी आधीपासून रूढ असल्यामुळे येथे तो घोटाळा करतो. प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावर छापलेल्या 'सूचना' प्रत्येक विद्यार्थ्याने वाचलेल्या असतात, म्हणून 'सूचना' हा पर्याय शालेय वापरासाठी सर्वांत सोयीचा वाटतो. प्रस्तुत लेखात 'प्रॉम्प्ट' आणि 'सूचना' हे शब्द एकाच अर्थाने आले आहेत.

पूर्वपीठिका

२०१७ साली गूगलमधील संशोधकांनी मांडलेल्या 'ट्रान्सफॉर्मर' या रचनेवर आजची बहुतेक भाषिक प्रारूपे उभी आहेत. २०२० मध्ये ओपनएआय या संस्थेने जीपीटी-३ या प्रारूपाविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. सूचनेतच दोन-चार नमुने दिले, तर वेगळे प्रशिक्षण न देताही प्रारूप तशाच प्रकारचे काम करू लागते, असे त्यात दाखविले होते. सूचना कशी लिहिली यावर फळ अवलंबून असते, ही गोष्ट येथून ठळक झाली.

२०२२ च्या प्रारंभी गूगलच्या संशोधकांनी दाखविले की, नमुन्यांत नुसते उत्तर न देता उत्तरापर्यंतच्या पायऱ्याही लिहिल्या, तर गणितासारखे प्रश्न अधिक अचूक सुटतात. त्याच वर्षी टोकियो विद्यापीठ व गूगल येथील संशोधकांनी याहून सोपी गोष्ट करून पाहिली. त्यांनी नमुने न देता 'पायरीपायरीने विचार करू' अशा आशयाचे एक छोटे वाक्य जोडले. तेवढ्याने अंकगणिताच्या एका प्रश्नसंचावरील अचूकता १७.७ टक्क्यांवरून ७८.७ टक्क्यांवर गेली. वर्गात 'रीत लिहा, नुसते उत्तर नको' असे बजावणाऱ्या गणितशिक्षकांना हा निष्कर्ष फारसा नवा वाटू नये. पुढे आलेली काही प्रारूपे अशा पायऱ्या स्वतःहून मांडू लागली, त्यामुळे या विशिष्ट वाक्याचे महत्त्व आता ओसरले आहे. सूचनालेखनातील 'युक्त्या' किती अल्पायुषी असतात, याचे हे चांगले उदाहरण होय.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि हा विषय प्रयोगशाळेतून थेट घराघरांत आला. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने शिक्षण व संशोधनातील निर्मितीक्षम कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी मार्गदर्शक पुस्तिका काढली. जून २०२४ मध्ये गूगलचे जेमिनी हे मोबाइल ॲप भारतात मराठीसह नऊ भारतीय भाषांत उपलब्ध झाले. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने नववीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय २०१९-२० पासूनच सुरू केला होता. मात्र त्या वेळी आजची संवादी साधने अस्तित्वात नव्हती.

यंत्र सूचना कशी वाचते

विद्यार्थ्यांना सूचनालेखन शिकविण्यापूर्वी यंत्राविषयी एक गैरसमज दूर करावा लागतो. ते ज्ञानकोशासारखे एखादे पान उघडून वाचून दाखवीत नाही. प्रशिक्षणाच्या वेळी अफाट मजकुरातून त्याने शब्दांच्या साहचर्याचे आकृतिबंध आत्मसात केलेले असतात आणि समोरच्या मजकुरापुढे कोणता शब्दखंड येणे संभवनीय आहे, याचा अंदाज घेत ते लिहीत जाते. काही साधने जोडीला आंतरजालावर शोध घेतात, पण सापडलेल्या मजकुराचे उत्तर रचण्याची पद्धत हीच राहते.

यातून दोन परिणाम संभवतात. एक, तीच सूचना दोनदा दिली तरी उत्तर शब्दशः सारखे येईलच असे नाही. दोन, माहिती तुटपुंजी असेल तेथेही वाक्य मात्र सफाईदार येते. नसलेले पुस्तक, न झालेली घटना, चुकीचे साल अशा गोष्टी ते आत्मविश्वासाने लिहून जाते. याला 'भास' किंवा 'भ्रम' म्हटले जाते. लहान गावे, स्थानिक संस्था आणि प्रादेशिक इतिहास यांवर मुळात लिहिलेलेच थोडे असल्याने तेथे हा धोका अधिक. लंडनविषयी विचारणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा परळीविषयी विचारणाऱ्या विद्यार्थ्याने अधिक सावध असावे लागते, ते यामुळे.

एक सविस्तर उदाहरण : 'परळीची माहिती दे'

नववीतील विद्यार्थ्याला भूगोलाच्या प्रकल्पासाठी आपल्या गावाविषयी लिहावयाचे आहे, असे समजू. त्याची पहिली सूचना बहुधा अशी असते :

'परळीची माहिती दे.'

लिहिणाऱ्याला ही सूचना पूर्ण वाटते, कारण त्याच्या मनात एकच परळी असते. यंत्राच्या बाजूने पाहिले तर परळ्या अनेक आहेत. साताऱ्याजवळ सज्जनगडाच्या पायथ्याशी परळी नावाचे गाव आहे आणि त्या गडालाच पूर्वी परळीचा किल्ला म्हणत. केरळातील पालक्काड जिल्ह्यातही याच उच्चाराच्या जवळचे एक गाव असून तेथे रेल्वे स्थानक आहे. मुंबईतील परळ तर एका वेलांटीइतकेच दूर. उत्तरात यांपैकी कोणतेही येऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे दोहोंची सरमिसळही होऊ शकते. विद्यार्थ्याने येथे पहिली दुरुस्ती करावी :

'बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ या शहराची माहिती मराठीत दे.'

आता गाव नक्की झाले. उत्तरात वैजनाथाचे मंदिर, औष्णिक विद्युत केंद्र, रेल्वे जंक्शन अशा सर्व गोष्टी थोड्या थोड्या येतील. पर्यटनाच्या माहितीपत्रकासारखा हा मजकूर चुकीचा नसेल, पण प्रकल्पासाठी निरुपयोगी असेल. दोष यंत्राचा नाही. 'माहिती' म्हणजे कोणती, कोणासाठी, किती आणि कशासाठी, हे विद्यार्थ्याने अद्याप स्वतःशीच ठरविलेले नाही. अनेक शिक्षक येथे विद्यार्थ्याला मोबाइल खाली ठेवायला सांगून 'तुला नेमके काय जाणून घ्यायचे आहे?' असा प्रश्न कागदावर लिहायला लावतात. या टप्प्यावर घालविलेली दहा मिनिटे वाया जात नाहीत. समजा विद्यार्थ्याने ठरविले की, गावातील वीजकेंद्र आणि पाणीटंचाई यांचा संबंध शोधावयाचा. मग तिसरी सूचना अशी होईल :

'मी नववीत शिकतो. भूगोलाच्या प्रकल्पासाठी बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्र आणि पाणीटंचाई यांच्या संबंधावर मला लिहायचे आहे. कोळशापासून वीज तयार होताना पाणी कोणकोणत्या कामांसाठी लागते, हे आधी समजावून सांग. त्यानंतर दुष्काळाचा या केंद्रावर काय परिणाम झाला, ते सांग. एकूण मजकूर साधारण दोनशे शब्दांचा असावा. ज्या वर्षाबद्दल किंवा आकड्याबद्दल खात्री नसेल, तेथे आकडा न देता "तपासावे" असे लिही.'

या सूचनेत लिहिणारा कोण, हेतू कोणता, विषयाची मर्यादा कोठे, क्रम कसा, लांबी किती आणि खात्री नसल्यास काय करावे, हे सर्व आले आहे. शेवटचे वाक्य उपयुक्त आहे, पण ते रक्षाकवच नव्हे. यंत्राची 'खात्री' नेहमीच विश्वसनीय नसते.

उत्तराचा पहिला भाग, म्हणजे पाण्याची वाफ करून टर्बाइन फिरविणे, वाफ पुन्हा थंड करण्यासाठी पाणी लागणे, राख वाहून नेण्यासाठी पाणी लागणे, हा सर्वसाधारण विज्ञानाचा असल्याने बहुधा बिनचूक येतो. अडचण दुसऱ्या भागात येते. विशेषतः केंद्राची क्षमता किती, या साध्या प्रश्नावर. परळीतील पहिला संच १९७१ साली सुरू झाला. तो ३० मेगावॅटचा होता आणि पुढच्या वर्षी तेवढाच दुसरा आला. १९८० च्या दशकात २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. २००७ ते २०१६ या काळात २५० मेगावॅटचे तीन संच आले आणि जुने संच टप्प्याटप्प्याने निवृत्त झाले. परिणामी जुन्या मजकुरात ११३० मेगावॅट हा आकडा आढळतो, तर नव्या मजकुरात ७५० मेगावॅट. दोन्ही आकडे आपापल्या काळी बरोबर आहेत. ११३० ही २१० चे तीन आणि २५० चे दोन संच चालू असतानाची बेरीज. ७५० ही केवळ २५० च्या तीन संचांची. यंत्र यांपैकी एखादा आकडा उचलून 'सध्याची क्षमता' म्हणून देऊ शकते.

हा घोटाळा उत्तर नुसते वाचून लक्षात येत नाही. परळीत मात्र तो पकडणारी माणसे घरोघरी आहेत. वीजकेंद्रात नोकरी करून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांना विचारले, तर कोणता संच केव्हा बंद पडला हे ते बहुधा तोंडपाठ सांगतील. २०१३ आणि २०१५ साली पाण्याअभावी केंद्रातील वीजनिर्मिती थांबवावी लागली होती, हेही गावाच्या स्मरणात आहे. या माहितीनंतर विद्यार्थ्याची चौथी सूचना तयार होते :

'वरील मजकुरात क्षमतेचा एकच आकडा दिला आहे. २०१२ मधील क्षमता आणि आजची क्षमता वेगवेगळी लिही, प्रत्येक वेळी कोणकोणते संच धरले ते सांग आणि बेरीज करून दाखव.'

चौथी सूचना तिसरीपेक्षा चांगली आहे याचे कारण विद्यार्थ्याने एखादी नवी युक्ती शिकली, हे नव्हे. त्याला विषय अधिक कळला, हे आहे. सूचना सुधारण्याचा मार्ग बहुतेक वेळा यंत्राबाहेरून जातो, ही गोष्ट अध्यापनात सर्वांत दुर्लक्षित राहते.

प्रश्नातच दडलेले उत्तर

बारा ज्योतिर्लिंगांपैकी वैद्यनाथ कोणते, याविषयी मतभेद आहेत. महाराष्ट्रात परळीचे वैजनाथ हे ज्योतिर्लिंग मानले जाते. झारखंडमधील देवघर येथील वैद्यनाथाविषयीही तीच श्रद्धा आहे. परळीच्या विद्यार्थ्याने 'परळीचे वैजनाथ हेच खरे ज्योतिर्लिंग कसे, ते सिद्ध कर' अशी सूचना दिली, तर यंत्र युक्तिवादांची रास रचून देईल. देवघरच्या विद्यार्थ्याने उलट सूचना दिली, तर तितक्याच सफाईने उलट बाजूही मांडील. दोन्ही विद्यार्थी आपापल्या ठिकाणी समाधानी होतील आणि दोघांच्याही ज्ञानात भर पडणार नाही.

विचारणाऱ्याच्या कलाने उत्तर देण्याची ही प्रवृत्ती संशोधकांच्या परिचयाची आहे. वर्गात ती दाखविण्यासाठी एकाच विषयावर तीन सूचना लिहून घेता येतात : एक बाजूची, एक विरुद्ध बाजूची आणि एक 'या प्रश्नावर कोणकोणती मते आहेत, प्रत्येक मताचा आधार काय आहे' अशी. तिन्ही उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी मांडली की पुढे फारसे समजवावे लागत नाही.

असेच दुसरे उदाहरण परळीजवळच्या अंबाजोगाईचे. 'विवेकसिंधु' या ग्रंथाचा कर्ता मुकुंदराज याची समाधी तेथे दाखविली जाते, तर काही अभ्यासक त्याचा संबंध विदर्भातील आंभोऱ्याशी जोडतात. 'अंबाजोगाईच्या मुकुंदराजाविषयी लिही' या सूचनेत विद्यार्थ्याने नकळत एका पक्षाच्या बाजूने निकाल देऊन टाकलेला असतो. षष्ठीचा एक प्रत्यय केवढे काम करतो, हे व्याकरणाच्या तासाला याहून प्रभावीपणे दाखविता येणे कठीण.

मराठीतून सूचना लिहिताना

सूचना मराठीत लिहावी की इंग्रजीत, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या आंतरजालावरील मजकुरात इंग्रजीचा वाटा निम्म्याच्या जवळपास असून मराठीचा एक दशांश टक्क्याहूनही कमी आहे. यंत्र मजकुराचे लहान तुकडे करून तो वाचते. देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हाला युनिकोडच्या प्रचलित मांडणीत तीन बाइट लागतात, तर रोमन अक्षराला एक. त्यामुळे जुन्या प्रारूपांत मराठी वाक्याचे फार तुकडे पडत. मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ जाहीर करताना ओपनएआयने दिलेल्या नमुन्यात मराठी वाक्याचे तुकडे ९६ वरून ३३ वर आले होते. म्हणजे परिस्थिती सुधारत आहे, पण समसमान झालेली नाही.

असे असले तरी शालेय विद्यार्थ्याने ज्या भाषेत त्याला बारकावे मांडता येतात, त्याच भाषेत सूचना लिहावी, हे अधिक सयुक्तिक होय. मोडक्या इंग्रजीत लिहिलेली सूचना यंत्राला समजेलही, पण विद्यार्थ्याला आपण काय मागितले ते नीट समजणार नाही. आवश्यक वाटल्यास तीच सूचना नंतर इंग्रजीत देऊन दोन्ही उत्तरे ताडून पाहावीत.

मराठीत लिहिताना काही गोष्टी स्पष्ट कराव्या लागतात. बोलीतील शब्द हा त्यांतील एक. मराठवाड्यात 'वावर' म्हणजे शेत; प्रमाण मराठीत 'वावर' म्हणजे संचार. 'आमच्या वावरात यंदा काय करावे' या वाक्याचा अर्थ यंत्र कसा लावील, हे सांगता येत नाही. बोलीचा शब्द टाकून देऊ नये. त्याचा अर्थ सोबत द्यावा. दुसरी गोष्ट वाचकाची. उत्तर शेतकऱ्यासाठी हवे, शिक्षकासाठी हवे की धाकट्या बहिणीसाठी, हे सांगितले नाही तर 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' एकाच परिच्छेदात नांदू लागतात.

मिळालेल्या मराठीची तपासणी हे स्वतंत्र कामच आहे. यंत्राच्या मराठीत इंग्रजी वाक्यरचनेची सावली असते. 'महत्त्वपूर्ण भूमिका बजावते' अशी ठोकळेबाज वाक्ये वारंवार येतात. हिंदीचीही सरमिसळ होते. उत्तरात 'परळी' ऐवजी 'परली' दिसले, तर 'ळ' कोठल्या वाटेने गळाला असेल याची कल्पना येते. शुद्धलेखनासाठी मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम व १९७२ मध्ये त्यांत जोडलेले चार नियम हाच शाळेतील आधार आहे. यंत्राचा एक परिच्छेद देऊन त्यातील ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि वाक्यरचनेच्या चुका दुरुस्त करायला सांगणे, हा नववी-दहावीसाठी उत्तम स्वाध्याय ठरतो. मुलांना यंत्राच्या चुका काढण्यात विशेष आनंद वाटतो, हेही ध्यानात घ्यावे.

वर्गातील पद्धती

प्रॉम्प्टलेखन शिकविण्यासाठी प्रत्येकाजवळ संगणक असलाच पाहिजे असे नाही. पहिले काही पाठ यंत्राविनाच चांगले होतात. एका विद्यार्थ्याला ठिपक्यांची एक साधी रांगोळी दाखवावी; त्याने ती शब्दांत लिहावी आणि दुसऱ्याने मूळ रांगोळी न पाहता केवळ त्या शब्दांवरून काढावी. 'मधला ठिपका जोड' या सूचनेतील मधला म्हणजे कोणता, यावर जो वाद होतो त्यातच निम्मा पाठ शिकवून होतो. त्यानंतर लिहिणाऱ्याने सूचना सुधारावी व तिसऱ्या विद्यार्थ्याने नव्याने काढावी.

दुसरी पद्धत प्रश्नपत्रिका काढण्याची. राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत आकलनाच्या कृती, सारांशलेखन, पत्रलेखन, बातमीलेखन असे प्रकार असतात आणि प्रत्येक कृतीसोबत नेमकी सूचना असते. विद्यार्थ्यांनी एखाद्या उताऱ्यावर स्वतः कृती तयार कराव्यात, त्या एकमेकांकडून सोडवून घ्याव्यात आणि ज्या कृतीला वर्गातून चार वेगळी उत्तरे आली ती का आली, हे शोधावे. प्रश्न काढणे हे उत्तर लिहिण्यापेक्षा अवघड असते, याचा साक्षात्कार येथे होतो. तसे पाहिले तर पिढ्यान् पिढ्या शिक्षक विद्यार्थ्यांसाठी प्रॉम्प्ट लिहीत आले. आता पेन विद्यार्थ्याच्या हाती आले आहे.

यंत्र हाती आल्यावर एका वेळी एकच बदल करण्याची शिस्त लावणे महत्त्वाचे. लांबी, वाचक आणि विषयाची व्याप्ती एकदम बदलली, तर उत्तर कशामुळे सुधारले हे कळत नाही. यासाठी वहीत चार रकाने आखतात : सूचना, उत्तरातील उणीव, केलेला बदल, बदलाचा परिणाम. याशिवाय 'उत्तर देण्यापूर्वी माझ्या सूचनेत काय संदिग्ध आहे, ते मला विचार' असे यंत्रालाच सांगता येते. नमुना देऊन तसाच मजकूर मागणे, उलट बाजूने उत्तरावरून मूळ सूचना ओळखणे, हेही प्रकार रूढ आहेत.

परिणामांविषयीचा अभ्यास

सूचनेतील फरकाने शिकण्यावर काय परिणाम होतो, याविषयी तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी संबंधित संशोधकांचा हा अभ्यास २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गणिताच्या सरावासाठी एका गटाला नेहमीसारखे संवादी साधन दिले. दुसऱ्या गटाच्या साधनामागे तेच प्रारूप होते. मात्र त्याला शिक्षकांच्या मदतीने तयार केलेली सूचना आधीच दिलेली होती : उत्तर सांगू नये, विद्यार्थी कोठे चुकतात ते ध्यानात घेऊन पायरीपायरीने इशारे द्यावेत. सरावात पहिल्या गटाचे गुण साधनाविना शिकणाऱ्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी, तर दुसऱ्याचे १२७ टक्क्यांनी अधिक होते. पुढे साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा पहिला गट साधन कधीच न वापरणाऱ्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. दुसऱ्या गटाचे तसे नुकसान जवळजवळ झाले नाही.

मूळ यंत्र एकच असताना हा फरक पडला. विद्यार्थ्यांना शिकवावयाच्या सूचनांत म्हणूनच 'हे गणित सोडव' याच्या शेजारी 'मी केलेली ही रीत पाहा, कोठे चुकलो तेवढीच पायरी दाखव, उत्तर सांगू नकोस' ही सूचना ठेवावी लागते. ती वापरण्याचा मोह कोणालाच आपणहून होत नाही. सवय लावावी लागते.

आक्षेप आणि मर्यादा

प्रारूपे सुधारत गेली की अर्धवट सूचनेवरूनही त्यांना हेतू कळू लागेल, मग हे कौशल्य शिकवावेच कशाला, असा एक आक्षेप आहे. ठरावीक मंत्रासारखी वाक्ये पाठ करून घेणाऱ्या अभ्यासक्रमांना तो पूर्णपणे लागू पडतो. हेतू ठरविणे व उत्तर तपासणे यांना मात्र तो लागू पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या वयात स्वतःचे वाक्य घडवावयाचे, त्या वयात तयार वाक्य हाती येऊ लागले तर लेखनाची घडणच होणार नाही. याला पूर्ण उत्तर अद्याप कोणाजवळ नाही. काही शिक्षक आधी स्वतःचा कच्चा मसुदा लिहिल्याशिवाय सूचना लिहू देत नाहीत, आणि निबंधासारख्या लेखनात यंत्राला केवळ प्रश्न विचारण्याची मुभा देतात, परिच्छेद मागण्याची नाही. प्राथमिक इयत्तांत हा विषय यंत्रासह आणू नये, हेच इष्ट. वर्गातील वापरासाठी युनेस्कोने किमान १३ वर्षे वयाची मर्यादा सुचविली आहे. भारतात २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती लागते. सूचनेत स्वतःचे पूर्ण नाव, पत्ता, शाळा, मोबाइल क्रमांक, आजारपण यांचा उल्लेख करू नये, हा नियम पहिल्याच तासाला सांगावा लागतो. वर दिलेल्या तिसऱ्या सूचनेत 'मी नववीत शिकतो' एवढेच आहे, ते त्यामुळेच.

साधनांची उपलब्धता ही बीडसारख्या जिल्ह्यातील मोठी अडचण होय. घरात एकच मोबाइल असतो आणि ऊसतोडीच्या हंगामात तो आईवडिलांबरोबर कारखान्याच्या परिसरात जातो. अनेकदा मुलेही जातात. हंगाम संपवून परतलेल्या मुलाला मधल्या काळात सुटलेला अभ्यास भरून काढण्यासाठी असे साधन खरोखर उपयोगी पडू शकते, पण नेमका तोच विद्यार्थी त्यापासून सर्वांत दूर असतो. म्हणून वर्गात एकच उपकरण असेल तर सूचना सर्वांनी मिळून फळ्यावर घडवावी, चर्चेअंती ठरलेली एकच सूचना द्यावी आणि उत्तर मोठ्याने वाचून तपासावे, ही पद्धत सोयीची पडते. देवनागरी टंकन न येणाऱ्यांना बोलून मजकूर भरता येतो; मात्र बोलीतील उच्चारांमुळे उमटलेला मजकूर आधी वाचून दुरुस्त करावा लागतो.

मूल्यमापन

अंतिम उत्तराला गुण दिले तर ते यंत्राला दिल्यासारखे होतात. त्यामुळे गुण चार रकान्यांच्या वहीला द्यावेत, असे सुचविले जाते : पहिल्या सूचनेतील उणीव विद्यार्थ्याने ओळखली का, बदलाचे कारण लिहिले का, उत्तरातील किमान दोन विधाने पुस्तक, गॅझेटियर, विश्वकोश किंवा जाणकार व्यक्ती यांच्याकडून पडताळून पाहिली का आणि चूक आढळल्यास ती नोंदविली का. वरील उदाहरणातील विद्यार्थ्याच्या वहीत शेवटच्या रकान्यात '११३० की ७५०? शेजारच्या काकांना विचारले' अशी नोंद असेल, तर त्या नोंदीला दोनशे शब्दांच्या सुबक मजकुरापेक्षा अधिक गुण मिळावयास हवेत.